तालिनताईच्या चुलीपुढची अकरा मिनिटं

तुम्ही सगळे विचारताय, त्या दिवशी फोनचा आवाज बंद झाला त्या अकरा मिनिटांत काय झालं. कुणी गोडीत विचारलं, कुणी शिव्या घातल्या. एकाने लिहिलं, तुझा बाप सापडला असेल, आमच्या माणसांचं काय? बरोबर लिहिलं त्याने. आज सांगतो सगळं. पण आधी ताईचं सांगावं लागेल. तुम्ही तिला फोनात बघितली, छातीपासून वरची. तिचे पाय तुम्ही बघितले नाहीत, आणि तिने जे काय केलं ते पायांनी केलं.

मी तेक, तालिनचा धाकटा भाऊ. शाळा तिसरीपर्यंत. बोलतो तसं लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. एका जागी बसवत पण नाही हल्ली, चार ओळी झाल्या की उठतो, अंगणात जाऊन येतो.

ब्याऐंशी साली आमच्या बापाला नेलं तेव्हा मी तीन वर्षांचा, ताई नऊची. बापाचं नाव पास्क्वाल. बाजारचा दिवस होता. लष्कराने तेव्हा आमच्या पाशाक वाडीतल्याच माणसांच्या हातात बंदुका देऊन त्यांना पहाऱ्याला लावलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणणारा आधी जायचा. त्या पहारेकऱ्यांनीच सहा जणांना वाटेवरून उचललं. पुढे काय केलं, कुठे पुरलं, कुणी बोललं नाही. आई चौकीत जायची, तिथले म्हणायचे तुझा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळाला असेल. सत्तावीस वर्षं तिने वाट बघितली आणि गेली. त्यानंतर ते शोधणं ताईने अंगावर घेतलं. मी घेतलं नाही. मी म्हणायचो मेला तो मेला, देवाकडे आहे.

ताई बाजारात सूत विकायची, विणायचं सूत, रंगीत. आणि ती दिवस मोजणारी होती. आमच्या जुन्या पंचांगात वीस दिवस असतात, प्रत्येक दिवसाला त्याचं नाव आणि त्याचं काम. पांगाऱ्याच्या तांबड्या बियांची पिशवी घेऊन लोक तिच्यापुढे बसायचे, पोरगी आजारी आहे, जमीन घेऊ का, असं विचारायला. रविवारी ती कॅथलिक देवळात मिसेला, प्रार्थनेलाही जायची. मी बावीस वर्षं आमच्या पास्टरच्या मंडळीत आहे, आम्हाला हे चालत नाही. पास्टर म्हणायचे, तुझ्या बहिणीच्या चुलीत सैतान शेकत बसलाय. मी तिच्या घरी गेलो तरी आत बसायचो नाही, दारात उभा राहायचो.

ती म्हणायची, "दारातून ऐकलं की तुझ्या देवाला दिसत नाही वाटतं?"

मी म्हणायचो, "मी ऐकायला नाही आलो, मका द्यायला आलोय."

"मग दोन तास मका देतोयस. हात दुखत असतील."

हे फोनवरच्या लाईव्ह बैठकीचं कसं सुरू झालं ते तुमच्यातल्या जुन्यांना माहीत आहे. तिचा पोरगा सरहद्द ओलांडून उत्तरेत परदेशी गेला, मासे साफ करायच्या कारखान्यात. त्याने फोन पाठवला. ती त्याच्याशी बोलत बसायची, मग त्याच्या खोलीतली पोरं मागून डोकी घालायला लागली. आपल्यात मोठ्या बाईला नान, बाप्याला तात म्हणतात, तसं एकाने विचारलं, "नान, इथे आम्हाला लॅटिनो म्हणतात, तिकडे शहरात गेलो तर इंदियो म्हणून हिणवायचे. मग आम्ही आहोत कोण?" ताई म्हणाली, "तू कुणाचा? कुठल्या वाडीचा? आणि प्रार्थना कुणाची करतोस? एवढं सांग, मग बघू कोण आहेस ते." तोच तिचा नियम झाला. बोलायच्या आधी प्रत्येकाने या तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यावर कुणी हसायचं नाही.

फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची. पुढे चूल. दुपारी चार वाजता. वार नव्हता ठरलेला. दर वीस दिवसांनी त्सीचा दिवस येतो, कुत्र्याचा दिवस, तो न्यायाचा. त्याच दिवशी. शहरातल्या संस्थेची एक बाई आली होती, म्हणाली दर शुक्रवारी करा, ऐकणारे वाढतील. ताई म्हणाली, "बाई, शुक्रवारी काय असतं?" ती म्हणाली काही नाही. "मग काही नसलेल्या दिवशी कशाला बोलायचं?"

मला एक दिवस आठवतो. उत्तरेतला एक पोरगा म्हणाला, "नान, मी पास्टरकडे जातो, आई धूप जाळते, फोनवर रोज भांडण. आमच्यातलं कोण चुकतंय?"

ताई म्हणाली, "जेवलास का?"

"नाही अजून."

"मग आधी भूक चुकतेय. जेव, आम्ही थांबतो."

आणि खरंच थांबली. सगळे थांबले. तो पोरगा डब्यातला भात खातोय आणि दीडशे माणसं त्याला बघतायत. जेवून झाल्यावर तो म्हणाला आईला फोन करतो, आणि निघून गेला. एवढंच. तिने काही निकाल दिला नाही. मी दारात उभा, मला राग आला होता, म्हटलं सांग की बाई काहीतरी.

पण हे सगळं करताना तिच्या डोक्यात एकच होतं आणि ते मला माहीत होतं. तिला बाप कुठे पुरलाय ते कळायला पाहिजे होतं. त्या पहारेकऱ्यांतला, पुरणाऱ्यांतला एकच माणूस जिवंत होता, तात बेश शिरूम. डोंगरापलीकडे राहतो, सत्तरीचा आहे. ती म्हणायची, त्याच्या दारात जाऊन भांडले तर तो मला सांगेल किंवा सांगणार नाही. पण सगळ्यांसमोर बसला, कुणाचा, कुठला, कुणाची प्रार्थना करतो हे त्याने सांगितलं, तर तो खोटं बोलायचा नाही.

मग तिने काय केलं, आपल्यात मुलीला मागणी घालायला जातात ना, तसं गेली. टोपलीत गोड पाव, चॉकलेट, वर नवा कपडा. डोंगर चढून दीड तास. पहिल्या खेपेला घेत नाहीत, तशी रीतच आहे, त्याने पण घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला दार उघडलं नाही. आमच्या शेजारच्या नान रोस आहेत, त्यांचा नवरा पण त्या सहांतलाच. त्या वाटेवर बसून हसायच्या, "काय गं तालिन, म्हाताऱ्याला मागणी घालतेयस का?"

ताई म्हणायची, "म्हाताऱ्याला कशाला? त्याच्या जिभेला घालतेय."

"जीभ नांदेल का पण?"

"नांदवायला मी आहे ना."

चौथ्या खेपेला त्याने पाव घेतला. सहाव्या खेपेला म्हणाला येतो. ताईने त्सीचा दिवस सांगितला, तुम्हाला पण सांगून ठेवलं. चुलीपुढे स्टूल मांडला, पाइनची पानं पसरली. तुम्ही पाच वाजेपर्यंत थांबलात. तो आला नाही. सातवी, आठवी खेप. पुढच्या त्सीला परत स्टूल, परत नाही आला. मी दारातून म्हणालो, "ताई, पुरे. तो चेष्टा करतोय तुझी."

ती स्टूल उचलत म्हणाली, "पाव घेतलाय त्याने. पाव घेऊन कुणी चेष्टा करत नाही."

नववी खेप तिने जखमेचा पाय घेऊन केली. साखर होती तिला, टाचेला फोड आला होता, मला सांगितलं सूत आणायला बाजारात चाललेय. तिसऱ्या त्सीला ती चुलीपुढे बसली ती पाय पाटावर ठेवून, तुम्हाला दिसलं नसेल. त्या दिवशी पण तो आला नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी ती गेली. टाचेतलं विष वर चढलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले इतके दिवस काय करत होतात. मी काय सांगू, मका देत होतो.

पुरून आलो तर फोनवर तुमचं सुरू. पुढची बैठक कधी? तात बेश येणार का? माझी बायको मिकाएला म्हणाली, "बंद कर तो, गरम होतोय." मी बंद करायला घेतला आणि मला काय झालं माहीत नाही, मी दिवस लिहून टाकला. मोजला आणि लिहिला. डोंगरापलीकडे तात बेशला एका बाईकडून निरोप पण धाडला.

आता इथे माझी चूक झाली, ती ऐका. मला दिवस मोजता येत नाहीत. बावीस वर्षं मी मोजलेच नाहीत. ताईची शेवटची बैठक झाली तो दिवस मी एक धरला आणि तिथून वीस मोजले. तो दिवस एक धरायचा नसतो, त्याच्या पुढचा एक धरायचा असतो. माझा दिवस त्सीच्या एक दिवस अलीकडे पडला, तोहवर. तोह म्हणजे फेडायचा दिवस. ज्याचं जे देणं लागतो, माणसाचं, मातीचं, पाण्याचं, ते त्या दिवशी द्यायचं.

आणि मला कुणीच काही बोललं नाही! तुमच्यापैकी किती जणांना दिवस येतात, कुणी लिहिलं नाही. नंतर कळलं, सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम तोह धरला.

चार वाजता मी चुलीपुढे बसलो, पहिल्यांदा. फोन बरणीला टेकवला. मिकाएला कमेंट वाचून दाखवायला बसली, तोंड वाकडं करून, पास्टरना कळलं तर काय अशी. नान रोस कोपऱ्यात. स्टूल मी मांडलाच नव्हता, म्हटलं कशाला. आणि सव्वाचारला तात बेश दारात. टोपी हातात, दुसऱ्या हातात टोपली, वर नवा कपडा. त्याने पाव आणले होते. नऊ खेपांचे पाव परत आणल्यासारखे.

मी उठून माझी जागा दिली. तो बसला नाही, गुडघ्यावर टेकला, खिशातून धूप काढला, म्हणाला, "विस्तव दे पोरा." मी मंडळीतला माणूस, मी धुपाला हात लावत नाही. मिकाएला बघत होती. मी चुलीतला निखारा काढून दिला.

नान रोस म्हणाल्या, "आलास होय. बेचाळीस वर्षं लागली डोंगर उतरायला."

"उतरलो होतो," तो म्हणाला. "तिन्ही वेळा उतरलो होतो. ओढ्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. तालिनने दरवेळी मला कुत्र्याच्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी माणूस न्यायाला उभा राहतो. मी उभा राहिलो असतो तर पडलो असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू फेडायला बोलावलंस. ते मला जमेल."

मी चुकून मोजलं हे मी त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. आता लिहिलंय म्हणजे कुणीतरी वाचून दाखवेल, दाखवू दे. मला त्या दिवसापासून हेच खातंय की ताईला दिवस कळत होते आणि मला कळत नव्हते, आणि तो माझ्या दिवसाला आला. तिने एकदा तोह धरला असता तर? तिच्या डोक्यात न्याय होता. तो तिचा हक्कच होता, मी तिला चूक म्हणत नाही. पण रात्रंदिवस तेच येतं मनात.

तर धूप झाल्यावर तो माझ्या जागेवर बसला. नियमाप्रमाणे म्हणाला, "मी बेश, मानुएल शिरूमचा मुलगा, डोंगरापलीकडचा. प्रार्थना मी कुणाची करत नाही, धूप जाळतो आणि गप्प बसतो." इथपर्यंत तुम्ही ऐकलंत. मग त्याने फोनाकडे बोट केलं.

"यात किती माणसं आहेत?"

मिकाएलाने बघितलं. "दोनशे चौदा."

"सगळी आपलीच?"

"आपलीच."

"मग नको," तो म्हणाला.

मी फोन पालथा घातला आणि आवाज बंद केला. ताईने हे केलं नसतं. तिने त्याला मक्याची पेज दिली असती, थांबली असती, तासभर थांबली असती, आणि शेवटी तो तुमच्यासमोरच बोलला असता, बहुतेक. मला थांबता आलं नाही. मला वाटलं हा उठून जाईल. मला माझा बाप पाहिजे होता, तुमचे मला त्या घटकेला आठवले नाहीत. हे मी कबूल करतो. शिव्या घातल्यात त्या बरोबर घातल्यात.

आता त्या अकरा मिनिटांतलं.

त्याने सांगितलं, त्या सहांना उसाच्या जुन्या गुऱ्हाळावर नेलं. आपण सगळे शाळेमागे शोधत होतो, ताईने दोनदा हाडं काढणाऱ्या लोकांना शाळेमागचीच जागा दाखवली होती. तिथे काही नव्हतंच. गुऱ्हाळाच्या चुलवाणामागे खड्डा होता, राख टाकायचा, त्यात पुरलं. बंदुका लष्कराच्या माणसांनी चालवल्या. बांधलेल्यांचे दोर पहारेकऱ्यांनी धरले होते. तात बेशच्या हातात माझ्या बापाचा दोर होता. बापाने त्याला ओळखलं, दोघं एकत्र मक्याच्या कापणीला जायचे. बाप त्याला म्हणाला, "बेश, माझ्या पोरीला सांग, छपरावर मका वाळत घातलाय, पाऊस येईल, खाली घे म्हणावं."

एवढंच म्हणाला तो. त्यात सूड नाही, देव नाही, मका.

तात बेश म्हणाला, "तालिन माझ्या दारी नऊ वेळा आली. मला वाटायचं, बाकीचं राहू दे, एवढं तरी सांगावं. तेवढंही तोंडातून निघालं नाही. आता कुणाला सांगू?"

नान रोसनी विचारलं, "माझा काय म्हणाला?"

"तुझा गाणं म्हणत होता."

"कुठलं?"

"ते नाही ऐकू आलं, नान. त्याचा दोर दुसऱ्याच्या हातात होता."

नान रोस म्हणाल्या, "बेसूर असणार." आणि पदर तोंडावर घेतला.

मी उभा राहिलो होतो. त्या गुऱ्हाळावर मी चौदाव्या वर्षापासून तीन हंगाम कामाला होतो. मालक बदलला होता तोवर. रस आटवायला मोठी माणसं, राख उपसायला मी. रोज संध्याकाळी पाट्या भरून चुलवाणामागे ओतायचो. तीन हंगाम मी माझ्या बापावर राख टाकलीय. दुपारची भाकरी पण मी तिथेच ढिगाला टेकून खायचो, ऊन लागत नाही म्हणून.

तात बेश निघताना म्हणाला, "जागा तू सांग सगळ्यांना. बंदुका कुणाच्या होत्या, दोर कुणाचे होते, ती नावं मी सरकारी वकिलापुढे सांगेन, तिथे मला कुत्र्याच्या दिवशी बोलावलं तरी जाईन." मी फोन सरळ केला तेव्हा तुम्हाला नुसती चूल दिसली असेल. मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन गुऱ्हाळावर गेलो. ताईने तुम्हाला आणि मला शंभर वेळा सांगितलं होतं, स्वतः खणू नका, हाडं इकडची तिकडे झाली की कुणाचं काय ते कळत नाही, कोर्टात पण चालत नाही. माहीत होतं. तरी गेलो. वीतभर राख उकरली असेल, मागून नान रोसचा आवाज, "खण, खण. पण आधी मला उकरून काढ." आणि येऊन बसल्याच त्या ढिगावर, ठाण मांडून, पाय पसरून.

"उठा नान, लागेल तुम्हाला."

"माझा पण आहे खाली. तू तुझा काढशील आणि माझ्याची फासळी तुझ्या बापात जाईल. मग मी देवापुढे कुणाची फासळी घेऊन जाऊ?"

मी कुदळ टाकली. मला रडायला तिथे आलं, ताईच्या मातीला आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रड. पण राखेवर नको, चिखल होईल."

त्यानंतर हाडं काढणाऱ्या लोकांना कळवलं. त्यांनी सांगितलं, कागद होईपर्यंत जागा कुणाला सांगू नका, नाहीतर रातोरात कुणीतरी उपसून नेईल. म्हणून दहा दिवस गप्प होतो, तुमच्या शिव्या वाचत. काल कागद आला. काल दोरी बांधून गेले. सोमवारी खणणार. आताच्या मालकाचा ऊस तोडून पडलाय, रस आंबेल म्हणतो, पण चुलवाण पेटवत नाही, तेवढं मानलं त्याने. पास्टरनी मला विचारलं, तू धुपाला विस्तव दिलास हे खरं का. मी हो म्हणालो. या रविवारी मला मंडळीत गिटार वाजवू दिली नाही. मग मिकाएला पण गायला उभी राहिली नाही, आणि तिच्या जागी गाणारं कुणी नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं असं करणार म्हणून.

आता तुमच्या कामाचं. सहांतली चार नावं तात बेशने सांगितली, ती पाशाकची आहेत, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलोय. दोन माणसं आपल्या वाडीची नव्हती. बाजारच्या वाटेवर सापडली म्हणून त्यांना पण घेतलं. त्यांची नावं त्याला माहीत नाहीत. एकाच्या कंबरेला पिवळ्या पट्ट्यांचा शेला होता, उंच होता, पुढचा दात अर्धा. दुसरा पोरसवदा, उजव्या हाताला फडकं बांधलेलं, पाठीवर मडक्यांचा भारा. मडकी फुटली तेव्हा तो मडक्यांसाठी ओरडला, असं तात बेश म्हणाला.

तुमच्या घरात कुणी मडकी घेऊन निघालं आणि आलं नाही, असं कुणी म्हाताऱ्यांनी सांगितलेलं असेल तर विचारा. आज विचारा. म्हातारी माणसं झोपायला लवकर जातात. हाडांशी नातं जुळवायला गालातली थुंकी लागते, कापसाच्या काडीवर, दुखत नाही, उत्तरेत राहणाऱ्यांना पण तिथून देता येते, कशी ते मी विचारून प्रत्येकाला सांगेन. वाडी कुठली, कुणाचा, एवढं खाली लिहा. प्रार्थना कुणाची करायचा ते माहीत असेल तर ते पण लिहा, पुरताना लागेल.

वरचं सगळं टाकलं, आता गुऱ्हाळावर येऊन दोरीच्या बाहेर उभा राहून एवढं जोडतोय. नान रोस बसल्यात. अजून खाली कुणी लिहिलेलं नाही.